खाणीचा नकाशा आणि संगणक

आमच्या गडमुडशिंगीच्या भूमीखाली काळा पाषाण आहे, कोळसा नाही. तथापि आपल्या राज्यातील विजेचा मोठा भाग कोळशापासूनच होतो, आणि तो कोळसा चंद्रपूर, वणी, उमरेड अशा विदर्भातील खाणींतूनही निघतो. म्हणून भूगर्भात उतरणाऱ्या मजुराच्या जिवाची चिंता आम्हांस परकी वाटू नये.

भुयारी खाणीत सगळा कोळसा एकदम काढीत नाहीत. छत तोलण्यासाठी कोळशाचेच चौकोनी खांब राखतात. दोन खांबांच्या मध्यांत २० मीटर अंतर व वाटेची रुंदी ४ मीटर धरल्यास खांबाची बाजू १६ मीटर राहते. म्हणजे ४०० चौरस मीटर छताचा भार २५६ चौरस मीटरांवर येतो. हे गणित शाळेतील मुलासही साधेल. परंतु खांब शेकडो, दगडांचे थर निरनिराळे, आणि एक खांब खचला की त्याचा भार शेजारच्यावर. येथे हातचा हिशेब थकतो; संगणक मात्र अनेक आराखडे ताडून पाहतो.

दक्षिण आफ्रिकेत कोलब्रुक येथे १९६० साली असे खांब कोसळून चारशेहून अधिक माणसे गाडली गेली. पुढे सॅलमन व मन्रो यांनी कोसळलेल्या २७ व टिकलेल्या ९८ ठिकाणांचा अभ्यास करून १९६७ साली खांबांच्या बळाचे सूत्र मांडले. मेलेल्यांनी जिवंतांस दिलेला हा धडाच होय.

तर मग संगणक आणला की काम झाले काय? आम्हांस तसे वाटत नाही. २००२ साली अमेरिकेतील क्वेक्रीक खाणीत शेजारच्या जुन्या खाणीचे पाणी घुसून ९ माणसे अडकली. जुन्या खाणीची खरी हद्द हाताशी असलेल्या नकाशात नव्हती. सुदैवाने ती सर्व वाचली. आपल्या देशात चासनाळा येथे १९७५ साली पाणी घुसले, तेव्हा सुमारे पावणेचारशे माणसे परतली नाहीत. खोटा नकाशा घातला तर यंत्र खोटेच उत्तर देणार, आणि तेही मोठ्या ऐटीत.

शिवाय खांब किती जाड हवा हे सांगणारे यंत्र तो किती बारीक करता येईल हेही सांगते. कोणता प्रश्न विचारावयाचा, हे माणसाच्या सदसद्विवेकावर आहे. म्हणून जुन्या भुयारांची मोजणी आधी, संगणक नंतर, आणि टनांचा हिशेब सर्वांत शेवटी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या अभियंता होईल. प्रयोगवहीत न घेतलेले माप लिहिण्याची सवय आजच मोडा. त्या एका आकड्याखाली उद्या कोणी उभा असेल.