डोंगर हलत नाही

कॅप्टन असताना लेहला होतो. आमचे एक हवालदार चोवीस वर्षांची नोकरी करून निवृत्त होणार होते. जाताना त्यांनी एकच मागणी केली, "साब, एक फोटो. पीछे स्तोक का पहाड आना चाहिए." गावच्या घरात भिंतीवर लावायला.

पहाटे ट्रायपॉड लावला. लेन्स १०० मिलिमीटर. माणूस आणि डोंगर दोन्ही स्पष्ट यावेत म्हणून अॅपर्चर एफ ११; उजेड कमी, म्हणून शटर १/८ सेकंद. हवालदार सावधानमध्ये उभे. आठ-दहा फोटो काढले. संध्याकाळी लॅपटॉपवर पाहिले, तर चेहऱ्याला दुहेरी कड. मी म्हणालो, "उस्ताद, हिल गये आप." ते एवढंच म्हणाले, "नहीं साब." दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने ते गेले.

नंतर निवांत पाहिलं तेव्हा दिसलं की डोंगरालाही तशीच दुहेरी कड होती. डोंगर काही सावधान मोडत नाही. हलला होता माझा कॅमेरा.

डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागे आरसा असतो. बटण दाबलं की तो आधी वर आपटतो, मग शटर उघडतं. त्या धक्क्याची थरथर क्षणभर टिकते. १/५०० ला ती जाणवत नाही आणि ३० सेकंदांच्या फोटोत ती विरून जाते. घात होतो तो मधल्या टप्प्यात, साधारण १/३० ते १ सेकंद. म्हणजे नेमका पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा वेग!

यावर उपाय म्हणजे मिरर लॉकअप. मेन्यूत तो चालू केला की पहिल्या दाबाला आरसा वर जातो. दोन-तीन सेकंद थांबायचं, मग दुसऱ्या दाबाला शटर. बोटाचा धक्का नको म्हणून केबल किंवा सेल्फ टायमर वापरायचा. ट्रायपॉडचे जाड पाय आधी उघडायचे, मधला दांडा शक्यतो वर काढायचा नाही. वाऱ्यात मधोमध पिट्ठू लटकवायचा, पण तो झुलता नको.

पळणाऱ्या मुलांसाठी किंवा पक्ष्यांसाठी हे कामाचं नाही. मिररलेस कॅमेऱ्यात तर आरसाच नसतो, पण बोट आणि वारा तिथेही असतातच. तरी आपण काय करतो? फोटो हलला की पन्नास हजारांची नवी लेन्स शोधतो. दोन किलोचा ट्रायपॉड उचलायचा मात्र कंटाळा. माझं मत स्पष्ट आहे: हातातलं हत्यार नीट समजून घेतल्याशिवाय नवं मागू नये. आणि समोरच्याला दोष तर मुळीच देऊ नये. खडकवासल्याला फायरिंगमध्ये गोळी चुकली की आधी स्वतःचा श्वास आणि ट्रिगरवरचं बोट तपासायला शिकवलं होतं. कॅमेरा हातात आल्यावर मी तेच विसरलो.

हवालदारसाहेबांना मी पत्र लिहून माफी मागितली. फोटो मात्र पुन्हा काढता आला नाही.

तुमच्या युनिटमधून कुणी निवृत्त होत असेल, तर आदल्या पहाटे एक फोटो काढा आणि तिथल्या तिथे मोठा करून पाहा. आधी डोंगराची कड बघा, मग माणसाची.