चालू म्हणजे पुरे!



कीर्तन संपलं की बुक्का लावून घ्यायला माणसं पुढे येतात आणि जाता जाता एखादा प्रश्न टाकून जातात. पूर्वी विचारायचे, "महाराज, मोक्ष कसा मिळेल?" हल्ली विचारतात, "महाराज, पोरांना मराठी वाचता येत नाही, त्यांच्याकडून हरिपाठ कसा म्हणवून घ्यायचा?" मोक्षाचं उत्तर द्यायला सोपं होतं. ते चुकलं तरी तक्रार घेऊन कोणी परत येत नाही. या नव्या प्रश्नाचं उत्तर मात्र आधी स्वतःच्या घरात तपासून पाहावं लागतं. म्हणून या महिन्यात आमच्या घराबद्दल थोडं.

तुमच्यापैकी जे हैदराबादेत नाहीतर परदेशात वाढले, त्यांच्यासाठी आधी सांगतो. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली. तोवर किनवट आणि राजुरा आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातच होते. ते तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. माणसं जागची हलली नाहीत, सरहद्दच हलली. सरहद्दीच्या अलीकडे साडू आणि पलीकडे व्याही, असं झालं. पुढे २०१४ मध्ये तेलंगणा झालं, २०१६ मध्ये एका जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. आमच्या आत्यानं एकाच चुलीपुढे बसून तीन राज्यं पाहिली. आपला कापूस मराठीत पिकतो, हिंदीत तोलला जातो आणि त्याचा हिशेब तेलुगूत होतो. देवाची कृपा एवढीच की पैसे कोणत्याच भाषेत पुरत नाहीत, त्यामुळे भांडण होत नाही.

अशा गावात आमचा मुलगा वरंगलला शिकायला गेला आणि येताना पदवीबरोबर सूनही ठरवून आला. पोरगी गुणी, पण मराठीचा गंध नाही. लग्नानंतरच्या पहिल्या सणाला पुरणपोळी होती. तिच्याकडे त्याच पोळीला भक्षालु म्हणतात, त्यामुळे ताटाशी ओळख होती. वाढायला आमच्या घरची कारभारीण. दोन पोळ्या झाल्यावर सूनबाई म्हणाल्या, "चालु, अत्तम्मा."

आता तेलुगूत चालु म्हणजे पुरे. उच्चारही अगदी आपल्यासारखा, चाकातला च. कारभारणीनं ऐकलं, चालू. म्हणजे चालू ठेवा! तिसरी पोळी पडली. सूनबाई घाबरून म्हणाल्या, "चालु, चालु!" चौथी पडली, वर तूप. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूला वाटलं, माहेरची आठवण झाली, म्हणून मायेनं पाचवी. मुलगा बाहेरची पंगत सोडून आत आला तेव्हा कुठे खुलासा झाला. घरभर हसू पिकलं. सूनबाईंनी मात्र दुसऱ्या दिवशी कडकडीत उपास केला.

तेव्हापासून हे उदाहरण मी कीर्तनात सांगत आलोय. देव आणि आपण, दोघांच्या तोंडी हाच शब्द आहे. देवाचा चालू मराठीतला. श्वास चालू, पाऊस चालू, लेकराबाळांची वाढ चालू. त्याचं वाढणं थांबत नाही. आपल्या तोंडी मात्र तेलुगूतला चालु काही येत नाही. घर झालं, गाडी झाली, प्लॉट झाला, तरी पुरे म्हणवत नाही. संतांनी समाधानावर एवढं सांगून ठेवलं, ते आमच्या सूनबाईंनी एका शब्दात सांगितलं.

पण प्रत्येक गैरसमजाचा शेवट असा हसण्यात होत नाही. स्वयंपाकघरात दोघींचं खुणांनी जमलं. देवघरात जमेना. नात झाल्यावर तर कारभारणीच्या मनात एक काटाच बसला. एका रात्री ती मला म्हणाली, "मी मेल्यावर या घरात हरिपाठ कोण म्हणणार? ही लेकराला तिचे श्लोक शिकवते. माझ्या नातीला माझंच बोलणं परकं होणार." यावर मला विनोद सुचला नाही.

तुकोबांच्या गाथेत एक गमतीचा अभंग आहे. बायको कानडी, नवरा मराठी, एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नाही. त्या हसवणुकीच्या शेवटी तुकोबा देवाला विनवतात की माझी गत अशी करू नकोस, मला सज्जनांची संगत दे. एका घरात राहून एकमेकांचं न कळणं हे किती मोठं दुःख आहे, ते तुकोबांना ठाऊक होतं.

आमच्याकडे हे दुःख एका हत्तीनं सोडवलं. रात्री वीज गेली होती. सूनबाई अंधारात लेकराला थोपटत तेलुगू पद्य म्हणत होत्या. कारभारीण कंदील घेऊन दाराशी थबकली. भाषा कळत नव्हती, पण गजेंद्र, वैकुंठ, लक्ष्मी ही नावं ओळखीची होती. तिनं विचारलं, "मगरीनं पाय धरला त्या हत्तीची गोष्ट का?" सूनबाईंनी मान डोलावली. मग एकीनं तेलुगूत, दुसरीनं मराठीत, तीच गोष्ट पुन्हा सांगितली. लेकरू झोपून गेलं तरी दोघी सांगतच होत्या.

ती पद्यं बम्मेर पोतनांच्या भागवतातली. पंधराव्या शतकातले हे महाकवी सूनबाईंच्या वरंगलकडचेच. गजेंद्राची हाक ऐकून वैकुंठातला देव कसा धावला, हे लिहिताना ते अडले आणि उठून बाहेर गेले. तेव्हा खुद्द प्रभू रामचंद्र त्यांच्या रूपात आले आणि पद्य पुरं करून गेले, अशी आख्यायिका आहे. आपल्या जनाबाईचं जातं ओढायला विठोबा येतो, तशीच ही गोष्ट. जिथे भक्ताचे हात थकतात तिथे तो आपले हात लावतो. जात्याचा खुंटा असो की लेखणी, त्याला काम वर्ज्य नाही. आणि हत्तीनं हाक कोणत्या भाषेत मारली, हे भागवतात कुठेच विचारलेलं नाही.

सूनबाईंनी आणखी एक धक्का दिला. तुम्ही लहानपणी ज्याच्या चातुर्यकथा वाचल्या तो तेनालीराम आठवतो ना? त्या तेनाली रामकृष्णांनी सोळाव्या शतकात पंढरपूरच्या महिम्यावर 'पांडुरंग माहात्म्यमु' नावाचं मोठं तेलुगू काव्य लिहिलं आहे. आमच्या कारभारणीला वाटत होतं की सुनेला विठोबा शिकवायचा आहे. सून तर पांडुरंगाची ओळख माहेराहूनच घेऊन आली होती!

आता नात दहा वर्षांची आहे. मला ताता म्हणते. तेलुगूत ताता म्हणजे आजोबा, पण ती ताता-ताता करत पळत आली की घरी आलेले पाहुणे उगाच हात हलवून निरोप घेतात. यंदा सप्ताहात तिनं सगळा हरिपाठ टाळ वाजवत म्हटला. हातात वही होती. एका ज्येष्ठांनी डोकावून पाहिलं तर अभंग तेलुगू लिपीत लिहिलेले. ते नाराज झाले. "महाराज, हरिपाठ आणि तेलुगू अक्षरांत?"

मी म्हटलं, आपण रेल्वेनं नांदेडला जातो तेव्हा सचखंड गुरुद्वाऱ्यात माथा टेकतोच ना? तिथल्या गुरु ग्रंथ साहिबात आपल्या नामदेव महाराजांची ६१ पदं आहेत, गुरुमुखी लिपीत. अक्षर बदललं म्हणून नामदेव कमी झाले नाहीत. उलट पंजाबभर झाले.

तरी त्या ज्येष्ठांची तळमळ मी थट्टेवारी नेणार नाही. परकी लिपी हा पूल आहे. पूल पलीकडे जाण्यासाठी असतो, त्यावर बिऱ्हाड करायचं नसतं. पणजीची ओव्यांची वही आमच्या फडताळात आहे. ती देवनागरीतच वाचावी लागेल, तिचं तेलुगूत कोणी लिहून देणार नाही. म्हणून नातीशी करार केला आहे. रोज ती माझ्याकडून दोन मराठी अक्षरं शिकते आणि मी तिच्याकडून दोन तेलुगू. तेलुगू अक्षरं दिसायला थेट जिलेबीसारखी. डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून माझ्या वाट्याला एवढीच जिलेबी उरली आहे.

तर तरुण मंडळी, या महिन्याचा गृहपाठ. तुमच्या आजीला फोन लावा आणि तिला तोंडपाठ असलेलं काहीही म्हणायला सांगा. ओवी, आरती, भूपाळी, काहीही. कळलं नाही तर अर्थ विचारा. कोणत्या लिपीत उतरवून घ्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण उतरवून घ्या. हरिपाठ कोण म्हणणार, ही काळजी तिलाही असेलच, फक्त ती बोलत नसेल.

आणखी लिहिलं असतं, पण संपादकांचा निरोप आला आहे, "महाराज, चालु." तेलुगूतला.

राम कृष्ण हरी!