दर्याची मर्यादा

श्रावणातील पौर्णिमा जवळ आली की कोकणच्या किनाऱ्यावरील कोळीवाड्यांत लगबग सुरू होते. पावसाळ्याच्या तोंडी किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवलेल्या होड्या उघडल्या जातात, त्यांना नवा रंग चढतो, फाटलेली जाळी सांधली जातात. पौर्णिमेच्या दिवशी सारा कोळीवाडा वाजतगाजत किनाऱ्यावर जमतो आणि खवळलेल्या दर्याने शांत व्हावे म्हणून त्याला नारळ अर्पण करतो. परक्या मनुष्याला हा केवळ एक सण वाटतो. परंतु नारळी पौर्णिमा ही वस्तुतः एका व्रताची सांगता होय. पावसाळाभर दर्यावर न जाण्याचे ते व्रत!

या व्रतामागे वादळवाऱ्याचे भय होतेच. पण त्यामुळे आणखी एक मोठे कार्य आपोआप साधत असे. पावसाळ्यात नद्या डोंगरांवरील सकस गाळ समुद्रात आणून सोडतात, त्यावर सूक्ष्म वनस्पती व जीव वाढतात आणि माशांच्या पिलांना मुबलक खाद्य मिळते. अनेक जातींचे मासे याच सुमारास अंडी घालतात. अशा वेळी जाळे टाकणे म्हणजे पेरलेले बी उकरून खाण्यासारखेच आहे. शेतकरी बियाण्याला हात लावीत नाही. मग कोळ्याने तरी का लावावा?

जुन्या काळी माणसाच्या हव्यासाला त्याच्या साधनांनीच आवर घातला होता. शिडाची होडी फार दूर जात नसे. मालवणकडील रापणीचे जाळे किनाऱ्यावरूनच ओढले जाई, आणि दोराला हात लावणारे मिळालेली मासळी वाटून घेत. आता परिस्थिती पालटली आहे. यंत्राची नौका वाऱ्याची वाट पाहत नाही, आणि बारीक आसाचे जाळे लहानमोठे असा भेद करीत नाही. जी मर्यादा पूर्वी निसर्ग घालीत असे, ती आता माणसाने स्वतःच स्वतःला घालून घेतली पाहिजे.

कायद्याने त्या दिशेने पावले टाकली आहेत. महाराष्ट्रात सागरी मासेमारीचे नियमन करणारा अधिनियम १९८१ साली झाला. अलीकडील वर्षांत पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. २०२३ साली राज्य शासनाने पापलेटला राज्यमासा म्हणून मान दिला, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासा पकडू नये, असा त्याचा अर्थ.

यावर कोणी म्हणेल, “ज्याची चूल रोजच्या मासळीवर पेटते, त्याने दोन महिने काय खावे?” हा प्रश्न खरा आहे, आणि त्याला उपदेश हे उत्तर नव्हे. बंदीच्या काळात लहान मच्छीमाराला आधार मिळाला पाहिजे, आणि नियम मोठ्या नौकेच्या मालकालाही तितक्याच कठोरपणे लागू झाला पाहिजे. एकाने व्रत पाळावे आणि दुसऱ्याने रात्रीच्या अंधारात पिलांसकट दर्या उपसावा, हा न्याय नव्हे.

मर्यादा पाळल्याने माणसाचे पोट मारले जातेच असे मात्र नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास हे गाव त्याचे उदाहरण आहे. तेथील वाळूत समुद्री कासवीण रात्री येऊन शंभराच्या आसपास अंडी घालते. पूर्वी ती अंडी माणसे नेत, उरलेली कुत्री-कोल्ही उकरीत. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्गमित्र’ संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने ती राखण्यास आरंभ केला. अंडी कुंपणात सुरक्षित ठेवायची आणि पिले बाहेर पडली की समुद्रात सोडायची, असा क्रम पडला. आज ती इवलीशी पिले लाटांकडे धावताना पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येतात, गावातील घरांत उतरतात आणि तेथील घरचे अन्न जेवतात. ज्या अंड्यांतून एका वेळचे जेवण निघे, त्यांनीच गावाला उत्पन्न मिळवून दिले.

किनाऱ्यावर येणाऱ्या पाहुण्यानेही आपली मर्यादा ओळखली पाहिजे. त्याने टाकलेली प्लास्टिकची पिशवी वाऱ्याने समुद्रात जाते. तरंगती पिशवी कासवाला जेलीफिश भासते आणि तो ती गिळतो. मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्यावर २०१५ पासून अफरोज शाह आणि त्यांच्यासह शेकडो स्वयंसेवक कचरा उचलण्यासाठी झटले. त्यांचा उद्योग थोर आहे. पण शेकडो हातांनी उचलावे लागावे इतके हजारो हातांनी टाकले, ही गोष्ट भूषणावह खचित नाही.

समुद्र आपली मर्यादा सोडीत नाही, असे वाडवडील म्हणत आले. तो भरतीला येतो आणि ओहोटीला मागे फिरतो. माणूस मात्र केवळ पुढे जाण्यास शिकला आहे. नारळ वाहणाऱ्या हातांनी जाळेही वेळेवर आवरले, तरच ती पूजा दर्याला पोहोचेल.