टाचदुखी: सगळं श्रेय यंत्राला?
‘टाचेला करंट दिला नि दुखणं पळालं,’ असं गेल्या अंकातल्या पत्रलेखकांचं म्हणणं. पळालंही असेल. पण त्याच पत्रात ते रोज पोटरी ताणण्याचा व्यायाम करत होते, हेही आहेच की!

अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २६ रुग्णांना ताणाचे व्यायाम आणि बुटातले इनसोल दिले. एका गटाला जोडीला विद्युतप्रवाहही. महिनाभरात दोन्ही गट सुधारले, करंटवाले काही पुढे गेले नाहीत. चाचणी लहान होती, हे खरं.

व्यायामाबाबत डेन्मार्कमधला ४८ रुग्णांवरचा प्रयोग जास्त बोलका आहे. पायरीच्या कडेवर एका पायाचा चवडा टेकवायचा, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल, म्हणजे बोटं वर वळून तळव्याचा पट्टा ताणला जातो. तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. हे एक दिवसाआड. तीन महिन्यांनी हा व्यायाम करणारा गट नुसतं ताणणाऱ्यांच्या पुढे होता. वर्षाने मात्र दोघं बरोबरीत.

यंत्राने तात्पुरता आराम वाटत असेल तर जरूर घ्यावा. पेसमेकर बसवलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते लावू नये. विकणारे हे सांगतीलच असं नाही.