बेभान कोणाला म्हणायचे?

सुरतच्या गोडादरा भागात आम्ही मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवितो. मागे एकदा धड्यात ‘अमॉक’ हे क्रियाविशेषण आले. गाइडात त्याचा अर्थ एकाच शब्दात दिलेला होता : बेभानपणे. वाक्यात उपयोग करा म्हटल्यावर आठवीच्या एका मुलाने लिहिले, ‘माय फादर रॅन अमॉक ऑन दिवाळी.’ वडील लूमच्या कारखान्यात कामाला. बोनस हाती पडला आणि ते आनंदाने बेभान होऊन घरी आले, एवढेच त्याला सांगायचे होते. इंग्रजी जाणणाऱ्याने मात्र, या गृहस्थाने दिवाळीला दिसेल त्याच्यावर हात टाकला, असे समजून घेतले असते !

दोष मुलाचा नाही. आपल्या मराठीत माणूस भजनात बेभान होतो, आनंदात होतो आणि रागातही होतो. ‘अमॉक’ला आनंद ठाऊकच नाही. हा शब्द मुळात मलाया-जावाकडचा. शस्त्र उपसून समोर येईल त्याच्यावर तुटून पडणारा माणूस, असा त्याचा तिकडचा अर्थ. सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीजाने अशा माणसांचे वर्णन लिहून ठेवले. पुढे इंग्रजांनी शब्द उचलला आणि त्याचे ‘अ मक’ असे दोन तुकडेही केले. आता तो माकडांच्या टोळीला, जमावाला, वाढत्या भावांनाही लावतात. पण तो बहुधा ‘रन’ किंवा ‘गो’ या क्रियापदांच्या मागूनच येतो. ‘तो अमॉक बोलला’ अशी रचना इंग्रजीत होत नाही.

मग आम्ही गाइड मिटले आणि मुलांना विचारले, पोळ्याला बैल बिथरला तर काय करतो? गावाकडे जाऊन आलेली पोरे एका सुरात म्हणाली, “उधळतो, सर !” कुत्रे पिसाळते, हत्ती मस्तावतो, माकडे धुमाकूळ घालतात, जमाव बेफाम होतो, पूर थैमान घालतो. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीने सुरतेत काय केले, हे सांगायला ‘थैमान’ हाच शब्द लागतो. इंग्रजी जिथे एका शब्दावर भागविते, तिथे आपल्याकडे प्रत्येकाला वेगळे क्रियापद आहे. फळा भरला आणि ‘अमॉक’ मुलांना पक्का कळला. तो कळला मराठीतून.

हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली, तेव्हा लाखो लोकांनी शहर सोडले. खानदेशचे कामगार पोराबाळांसह मिळेल त्या गाडीने तापी मार्गावरच्या आपापल्या गावी निघाले. त्या गर्दीला कोणी ‘अमॉक’ म्हणू लागला, तर आपण त्याला ठामपणे थांबविले पाहिजे. ती माणसे बेफाम नव्हती. ती भ्यालेली होती आणि सैरावैरा पळत होती. बेफाम माणसाला आवरायचे असते, भ्यालेल्याला आधार द्यायचा असतो. शब्द चुकला की पुढची वागणूकही चुकते. परमुलखात पोटासाठी राहणाऱ्यांवर असे शब्द लवकर चिकटतात आणि लवकर निघत नाहीत. म्हणून आपल्या मुलांना ते नेमके कळले पाहिजेत, आणि नेमके उत्तरही देता आले पाहिजे.

त्याच आठवड्यात त्या मुलाचे आईवडील शाळेत आले. “सर, दाखला द्या. इंग्रजी शाळेत घालतो,” म्हणाले. आम्ही त्यांना दोष देत नाही. लूमवर उभे राहून ज्याची उमर गेली, त्याला मुलाने पुढे जावे असे वाटणारच. पण ज्या मुलाला उधळणे, पिसाळणे आणि सैरावैरा पळणे यांतला फरक उमगला आहे, त्याला इंग्रजी अवघड नाही. ज्याच्याकडे घरचाच शब्द उरला नाही, त्याला गाइड पाठ करण्यावाचून गती नाही.

सुरत महापालिकेची शिक्षण समिती गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालविते. मराठीचे दार उघडे आहे. त्यातून आत जाणारी मुले मात्र आपणच पाठवायची आहेत. समितीच्या बैठकांत आम्ही ठराव करतो, पण ठरावाने वर्ग भरत नाहीत.

सीमेवरच्या गावांना आमची एक विनंती आहे. नवापूरचे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत आहे. गाडी तेथे सुखाने उभी राहते. आपली मुलेही तशी दोन्हीकडे पाय रोवून उभी राहू शकतात. सुट्टीत सुरतेची नातवंडे गावी येतील, तेव्हा त्यांच्याशी मोडक्या हिंदीत बोलू नका. गोठ्यात न्या, शेतावर न्या. कशाला काय म्हणतात ते सांगा, अहिराणीत सांगितले तरी चालेल. इंग्रजीचे आम्ही पाहून घेऊ.