टँकर चुकला तर? अंतराळ स्थानकापुढचा रोजचा प्रश्न

मी बुलढाणा जिल्ह्यातला. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी गावं लहानपणापासून पाहिलीत. त्यामुळे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची बातमी आली की माझं लक्ष आधी मालवाहू यानांकडे जातं.

सुमारे 400 किलोमीटर उंचीवरच्या या स्थानकात पाणी जपून वापरतात. लघवी, घाम आणि श्वासातली वाफ यांतून 98 टक्के पाणी परत मिळवता येतं, हे 2023 मध्ये दिसलं. पण अन्न, सुटे भाग आणि इंधन खालूनच न्यावं लागतं. इंधन कशाला? तिथेही अगदी विरळ हवा असते. तिच्या अडथळ्यामुळे स्थानक हळूहळू खाली येतं आणि त्याला अधूनमधून वर ढकलावं लागतं.

ही ने-आण करणाऱ्या यानांत माणूस नसतो. सोव्हिएत काळातलं प्रोग्रेस 1978 पासून हेच काम करतंय. रिकामं झालं की त्यात कचरा भरतात आणि ते वातावरणात जळून जातं. ड्रॅगन मात्र सामान घेऊन समुद्रात उतरतं.

खेप चुकली तर काय होतं?

28 ऑक्टोबर 2014 ला सिग्नस, 28 एप्रिल 2015 ला प्रोग्रेस आणि 28 जून 2015 ला ड्रॅगन. आठ महिन्यांत तीन खेपा वाया गेल्या. तरी स्थानक चालू राहिलं, कारण वर साठा होता आणि यानं वेगवेगळ्या देशांची होती. जुलैत दुसरं प्रोग्रेस पोचलं, ऑगस्टमध्ये जपानचं यान.

धोका अजून संपलेला नाही. सप्टेंबर 2025 मध्ये सिग्नस एक्सएलचं इंजिन वेळेआधी बंद पडलं आणि ते एक दिवस उशिरा पोचलं. नोव्हेंबरमध्ये बैकोनूरचा प्रक्षेपण तळ उड्डाणावेळी नादुरुस्त झाला. प्रोग्रेस सध्या तिथूनच सुटतं.

भारताला 2035 पर्यंत स्वतःचं स्थानक उभारायचंय. 16 जानेवारी 2025 ला स्पेडेक्सचे दोन उपग्रह अंतराळात जोडून इस्रोने पहिली पायरी ओलांडली. पण ते प्रत्येकी जेमतेम 220 किलोचे होते. काही टन माल घेऊन, वर्षानुवर्षं, न चुकता जाणारं यान ही वेगळीच गोष्ट आहे.

गावात नवी टाकी बांधली की आमच्याकडे लोक पहिलं विचारतात, ‘पाणी कुठून येणार?’ आपल्या स्थानकाबद्दलही हे आत्ताच विचारायला हवं. आणि उत्तरात किमान दोन वाटा असायला हव्यात.