तलफ त्याची, जबाबदारी आपलीही

व्यसनमुक्ती केंद्रात महिना-सव्वा महिना राहून माणूस घरी येतो आणि ज्या नाक्यावर त्याचं पिणं वाढलं, त्याच नाक्यावरून संध्याकाळी कामावरून परततो. तोच बार, तीच अंडाभुर्जीची गाडी, तेच मित्र, तोच पगाराचा दिवस. काही महिन्यांनी तो पुन्हा प्यायला की आपण निकाल देऊन मोकळे होतो : ‘याच्यात दमच नव्हता.’ हा निकाल अन्यायाचा आहे. शिवाय तो आपल्या सोयीचाही आहे, कारण त्यात आपल्याला काहीच करावं लागत नाही.

दारू शरीरातून साधारण दिवसभरात निघून जाते. मेंदूत पडलेली सवयीची सांगड मात्र मागे राहते. वर्षानुवर्षं ज्या वेळी, ज्या जागी, ज्यांच्या सोबतीनं दारू घेतली, ती वेळ, ती जागा आणि ती माणसंच मेंदूला दारूची वर्दी देऊ लागतात. भुर्जीचा वास आला, बाटलीचं बूच उघडल्याचा आवाज कानावर पडला की घोट पोटात जाण्याआधीच मेंदू तयारीला लागतो; जीव कासावीस होतो, दुसरं काही सुचत नाही. कधी ही वर्दी आतूनही येते. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चारांपासून जपा, असं अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या सभांमध्ये जुने सभासद नव्यांना बजावतात, ते अनुभवानं.

भोवतालाचा हा जोर किती असतो, हे व्हिएतनाम युद्धानं दाखवून दिलं. तिथं गेलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी जवळपास पाचातला एक जण हेरॉईनसारख्या अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेला होता. १९७१ मध्ये मायदेशी परतलेल्या सैनिकांचा ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी पाठपुरावा केला. व्हिएतनाममध्ये व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले निघाले सुमारे पाच टक्के. माणसं तीच होती. ती छावणी, ती भीती, तो कंटाळा आणि हाताशी मिळणारी पुडी मागे राहिली होती. आपला माणूस मात्र उपचार घेऊन नेमका तिथंच परततो, जिथं व्यसन लागलं. सैनिकांना जे अंतर आपोआप मिळालं, ते त्याला रोज स्वतःच्या हिमतीवर निर्माण करावं लागतं.

त्याच्या हाती काहीच नाही, असं नाही. अ‍ॅलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञानं तलफेला समुद्राच्या लाटेची उपमा दिली : ती चढते, माथ्यावर येते आणि ओसरते. बहुतेक वेळा हा सारा खेळ अर्ध्या तासाच्या आत आटोपतो. तेवढा वेळ निभावून न्यायचा. जागा सोडायची, पोटभर जेवायचं, ठरवून ठेवलेल्या माणसाला फोन लावून ‘आत्ता प्यावंसं वाटतंय’ असं स्पष्ट सांगायचं. पगाराच्या दिवशी कुणासोबत आणि कोणत्या रस्त्यानं घरी यायचं, हे आदल्या दिवशीच पक्कं करायचं. तलफ कमी करणारी औषधंही आहेत. ती डॉक्टरांकडून मागून घ्यावीत. आणि पाय घसरलाच, तर ‘आता सगळंच संपलं’ म्हणून बाटली रिकामी करू नये. मार्लॅटनी दाखवलं की पहिल्या पेल्याहून त्यानंतरची अपराधी भावनाच माणसाला जास्त खोल नेते. त्याच रात्री घरी सांगावं, दुसऱ्या दिवशी समुपदेशकाला गाठावं.

पण उरलेला अर्धा भाग आपल्या हाती आहे. घरात शिरताच त्याचं तोंड हुंगणं, भांडणात जुना हिशेब काढणं, पाहुण्यांसमोर ‘आता सुधारलाय म्हणे’ असा टोमणा मारणं, यातून राग आणि एकटेपणाच वाढतो. भाजीत चोरून औषध कालवणं तर जिवाशी खेळ आहे : दारू न सोसू देणारी गोळी पोटात आहे हे ठाऊक नसताना तो प्यायला, तर प्रकृती गंभीर होऊ शकते. घरच्यांनाही हे सारं शिकावं लागतं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात उभ्या केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रानं रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालवला, तो या जाणिवेतूनच.

घराबाहेर तर आपण तलफेची बाजारपेठच मांडून ठेवली आहे. आखाड संपताना गटारी, वर्ष संपताना ३१ डिसेंबर, मधल्या काळात हळदी, वराती आणि निवडणुकांची जेवणावळ. सोड्याच्या आणि पाण्याच्या नावाखाली दारूच्या ब्रँडची जाहिरात घराघरांत दिसते आणि ती कशाची आहे, हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यात मित्रांचा आग्रह : ‘एकानं काय होतंय?’ दारू सोडलेल्या माणसासाठी याहून घातक वाक्य नाही. ते म्हणणारा प्रेमानंच म्हणतो. पण घर मोडतं ते ऐकणाऱ्याचं.

म्हणून काही गोष्टी आजपासून करता येतील. कुणी ‘नको’ म्हणालं, तर कारण विचारू नये आणि दुसऱ्यांदा आग्रह करू नये. हळदीला आणि कार्यालयाच्या पार्टीला दारूवाचून थांबता येईल, असं एक तरी ठिकाण असावं. सहा महिने न प्यायलेल्या सहकाऱ्याला फॉलो-अपसाठी विनाकटकट रजा मिळावी. ब्रँडच्या आडवाटेच्या जाहिराती सरकारनं बंद कराव्यात. दारू सोडणारा रोज आपल्या वाट्याची लढाई लढतो. निदान समोरच्या बाजूनं आपण उभं राहू नये.